नुसतं 'शाबास' नको, काय जमलं ते सांगा

नेदरलँड्समध्ये बरोबर उत्तरावर शिक्षक बरोबरची खूण करत नाहीत, एक लपेटदार वळण काढतात. त्याला क्रुल म्हणतात. ठाण्यात वहीवर तारा मिळाला की पोरं ती वही आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना दाखवतात, तसंच इथेही चालतं. कौतुकाची भूक सगळीकडे सारखीच.

अ‍ॅम्स्टलव्हेनमध्ये लेकीच्या शाळेत मी वाचन-पालक म्हणून जाते. एकेका मुलाला शेजारी बसवायचं आणि त्याचं वाचन ऐकायचं. नौपाड्यात मराठी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवलेलं असल्यामुळे माझे कान मात्र वर्गातल्या बाई काय बोलतात तिकडेच असतात. एक मुलगा लांबलचक डच शब्दाशी अडला, मागे गेला, शब्दाचे तुकडे पाडले आणि मग वाचला. बाई म्हणाल्या, "अडलास तेव्हा तू शब्द तोडून वाचलास, म्हणून जमलं." बस्स, एवढंच. हुशार नाही, ग्रेट नाही. पुढचा अवघड शब्द आला तेव्हा त्याने बाईंकडे पाहिलंच नाही, थेट तोडायला घेतला.

या एका वाक्यात किती काय आहे! मुलाला शाबासकी मिळाली आणि पुढच्या वेळी काय करायचं तेही कळलं.

अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कुणालाच नीट जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली, तर 'हुशार' मुलं आधीपेक्षा मागे पडली आणि मेहनतीची दाद मिळालेली पुढे गेली. मला सर्वात लागलं ते वेगळंच. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या मुलांना लिहून कळवा म्हटल्यावर 'हुशार' म्हटलेल्यांपैकी दहातल्या जवळपास चौघांनी ते वाढवून लिहिले. हुशारीचा शिक्का टिकवायला लहान मुलं खोटं बोलली.

दुसरा अभ्यास इथलाच, एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१४ चा. मुलांनी व्हॅन गॉगचं रानगुलाबांचं चित्र पाहून काढलं. काहींना 'सुंदर चित्र' असा शेरा मिळाला, काहींना 'विलक्षण सुंदर'. ज्या मुलांना मुळात स्वतःबद्दल कमी वाटत होतं, ती 'विलक्षण' ऐकल्यावर पुढची अवघड चित्रं टाळू लागली. आणि मोठी माणसं नेमकी अशाच मुलांवर फुगवलेल्या कौतुकाचा वर्षाव करतात, हेही त्याच अभ्यासात दिसलं. बिचाऱ्याला धीर यावा म्हणून, अगदी मायेनेच. पण त्या मुलाला वाटतं, आता दर वेळी विलक्षणच काढावं लागणार, मग नकोच ते.

माझी ताई कळव्याला शिकवते. फोनवर हे सगळं ऐकून म्हणाली, "अगं, वर्गात पन्नासच्या वर पोरं. प्रत्येकाला असं सांगत बसले तर पाढे कधी घेऊ?" तिचं खरंच आहे. इथल्या लहान वर्गाचं माप तिथे लावणं अन्याय होईल.

पण तिच्याकडे एक गोष्ट आहे. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून शिक्षक प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहितात. म्हणजे मूल काय करतं हे टिपायची पद्धत आपल्याकडे आहेच. मात्र सत्र संपताना घाईत साचेबद्ध वाक्यं उतरतात, 'उपक्रमात उत्साहाने भाग घेतो', आणि मुलापर्यंत काहीच पोचत नाही. तीच नोंद त्या क्षणी मुलाला बोलून दाखवली तर? तेही सगळ्यांसमोर नाही, बाकाजवळून जाता जाता, हळू आवाजात. लाजऱ्या मुलांना पूर्ण वर्गाच्या टाळ्या कधीकधी शिक्षेसारख्या वाटतात.

ताईने एक छोटी वही केली. हातच्याच्या वजाबाकीत एका मुलीने चूक स्वतः शोधून खोडली, तर ताई तिला तेवढंच म्हणाली, "उत्तर पुन्हा मोजून पाहिलंस ते बरं केलंस," आणि वहीत एक ओळ लिहिली. काही दिवसांनी वही चाळताना तिला दिसलं की पुढच्या बाकांवरच्या मुलांपुढे तीन-तीन ओळी आहेत, शेवटच्या बाकांवरच्यांपुढेही आहेत, कारण तिथे लक्ष ठेवावंच लागतं. मधल्या दोन रांगांतली नावं जवळपास कोरी. ही मुलं त्रास देत नाहीत, हात वर करत नाहीत, गृहपाठ वेळेवर आणतात. पालकसभेत त्यांच्याबद्दल 'काही तक्रार नाही' एवढंच बोललं जातं.

आता ती रोज मधल्या रांगांपासूनच वह्या तपासायला घेते. सहामाहीची प्रगतिपुस्तकं भरताना हीच वही समोर ठेवणार आहे.