लग्नघर, हळद आणि दातांचं पांढरं

इंग्लंडात माझ्यासोबत काम करणारी एक नर्स टर्कीला जाऊन दात करून आली आणि तेव्हापासून सगळा वॉर्ड मलाही तिकडेच पाठवायला निघाला. तिचे दात झाले पांढरेशुभ्र, त्यात वाद नाही. पण मूळचे धडधाकट दात कोरून, बारीक करून त्यावर कॅप बसवल्या होत्या. एकदा कोरलेला दात पुन्हा भरून येत नाही, त्या कॅप पुढे आयुष्यभर सांभाळाव्या आणि बदलाव्या लागतात. नुसता रंग बदलायला एवढं करायची माझी तयारी नव्हती.

माझे दात किडके नाहीत, वाकडेही नाहीत. समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि खडूसारखे ठिपके आहेत, एवढंच. केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरापोरींचे दात असेच होते. पाणी बोअरचं, आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या या पट्ट्यात कित्येक गावांच्या बोअरमध्ये फ्लोराइड जास्त. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी पोर लहानपणी, म्हणजे पक्के दात हिरडीच्या आत घडत असताना, पीत राहिलं तर डाग दातासोबतच वर येतो. तो वरून चिकटलेला मळ नसतो, त्यामुळे ब्रश कितीही घासला तरी जात नाही. माझी माय मात्र अजूनही म्हणते, "तू लहानपणी राखुंडीनं दात घासाले कंटाळे, म्हणून झालं हे."

इंग्लंडात हे काम सरकारी खर्चात होत नाही, ते सौंदर्याचं काम धरतात. नियमही कडक. ३१ ऑक्टोबर २०१२ पासून तिथे दात पांढरे करण्याच्या जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड ६ टक्क्यांच्या वर चालत नाही. ०.१ टक्क्याच्या वरचं काहीही दंतवैद्याच्या देखरेखीशिवाय देता येत नाही, आणि १८ वर्षांखालच्यांना तर नाहीच. ब्यूटी पार्लरवाल्यांनी हे करणं तिथे बेकायदा आहे. आपल्याकडे डॉक्टर खुर्चीवर बसवून ३५ टक्क्यांची जेल सर्रास वापरतात. यातलं चांगलं कोणतं, असं मला पुष्कळ जण विचारतात. माझं मत असं की ताकद जास्त म्हणजे वेळ कमी आणि जोखीम जास्त, म्हणून लावणारा हात कोणाचा आहे ते आधी पाहायचं.

मे महिन्यात भावाचं लग्न होतं, सुट्टी मोठी मिळणार होती. म्हटलं, टर्की कशाला, नागपूर काय वाईट आहे? परदेशातून उपचाराला येणाऱ्यांत मीही एक, फरक इतकाच की माझा मुक्काम हॉटेलात नाही, मांडवात.

निघायच्या आधी नागपूरच्या दोन-तीन ठिकाणी फोटो पाठवले आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारले. काम कोण करणार, त्यांची पदवी काय, राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, जेल कोणती, किती टक्क्यांची, आणि माझ्या डागांवर चाललं नाही तर पुढे काय. एका ठिकाणाहून उत्तर आलं ते थेट पॅकेजचं: तासाभरात आठ शेड उजळ, सोबत विमानतळावरून आणायची सोय. माझ्या डागांबद्दल चकार शब्द नाही. ते नाव मी तिथेच खोडलं. दुसरीकडच्या एमडीएस, म्हणजे दंतशास्त्रातली पदव्युत्तर पदवी असलेल्या मॅडमनी लिहिलं, "डाग फ्लोरोसिसचे वाटतात. तपासल्याशिवाय काही सांगणार नाही. एक दात भरलेला दिसतो, त्याची हकीकत कळवा." ज्यांनी मलाच प्रश्न विचारला त्यांच्याकडे जायचं ठरलं.

त्या भरलेल्या दाताची हकीकत अशी की बोराच्या झाडावरून पडले होते आणि समोरच्या दाताचा तुकडा उडाला होता. यवतमाळला तो भरून घेतला होता. मॅडमनी फोनवरच समजावलं की जेलने खरा दात उजळतो, भरलेला मसाला किंवा कॅप उजळत नाही. म्हणजे शेजारचे दात गोरे होणार आणि तो तुकडा पिवळाच राहणार. तो बदलायचा असेल तर दात पांढरे झाल्यावर दोनेक आठवडे थांबायचं. एक तर तोवर रंग स्थिरावतो, आणि दुसरं म्हणजे जेलचा ऑक्सिजन दातात रेंगाळतो तोवर नवा मसाला नीट धरत नाही. सुट्टीवर येणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी हे दोन आठवडे धरलेच पाहिजेत. मी लग्नाच्या नंतरही थांबायचं ठरवलं आणि परतीची तारीख पुढे ढकलली.

पांढरकवड्याहून हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत नागपूर. मे महिन्यात ही एसटी म्हणजे शिक्षाच, म्हणून चुलतभावाने गाडी काढली. पहिल्या खेपेला फक्त तपासणी, एक्स-रे आणि दातांची सफाई. मॅडमनी शेड गाइडचे नमुन्याचे दात माझ्या दातांजवळ धरले, फोटो काढले. इंग्लंडच्या चहाने चढलेला थर सफाईतच निघाला. राहिले ते खरे डाग.

पुढच्या खेपेला मुख्य काम. आधी दोन दातांवर मायक्रोअब्रेजन. रबरचा पडदा लावून दात वेगळे केले आणि आम्ल मिसळलेली खरखरीत पेस्ट थोडी थोडी घासली. इनॅमलचा, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणाचा, अगदी पातळ थर जातो आणि वरवरचा तपकिरी रंग त्यासोबत निघतो. मग गाल-ओठ ताणून धरणारं प्लास्टिकचं साधन बसवलं, ओठांना व्हॅसलिन लावलं आणि हिरड्यांच्या कडेने निळसर पातळ मसाला ओतून दिव्याने घट्ट केला. हे कुंपण नीट नसेल तर जेल हिरडीला लागून ती पांढरी पडते आणि चुरचुरते. मॅडम दर दाताशी आरसा नेऊन कुठे फट राहिली का ते पाहत होत्या, तेवढं पाहून मी निर्धास्त झाले. मग जेल लावायची, थांबायचं, शोषून काढायची, पुन्हा लावायची. मध्येच एका दातातून अशी सणक गेली की माझा पाय आपोआप वर आला. "होते तशी," मॅडम शांतपणे म्हणाल्या. मी विचारलं, तो जाहिरातीतला निळा लेझर दिवा नाही का लावत? म्हणाल्या, त्याने अंतिम फरक फारसा पडत नाही, दात मात्र कोरडे पडतात आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. त्या दिवशीचा रंग खरा धरू नका, चार दिवसांनी थोडा उतरेल.

झालंही तसंच. शिवाय त्या दिवशी आरशात माझे खडूचे ठिपके आधीपेक्षा ठळक दिसले. ते मला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी तिथेच रडले असते. काही दिवसांत ते बऱ्यापैकी मिसळून गेले. अगदी गेले नाहीत.

पुढचं काम घरी. दातांचा साचा घेऊन पातळ ट्रे करून दिले होते. रात्री त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल थेंब थेंब घालून झोपायचं. ही १० टक्के म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या हिशेबात साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ही जेल उन्हात खराब होते. नागपूरहून मी ती बर्फ घातलेल्या थर्मासात आणली आणि घरच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यांमागे ठेवली. आत्याने ताक काढायला फ्रिज उघडला आणि सिरिंजा पाहून ओरडली, "कोणाची साखर वाढली वं? मले कोणी सांगतलं नाही!" सगळं लग्नघर गोळा झालं. दातांची दवाई आहे म्हटल्यावर माय म्हणाली, "कायले पाह्यजे तुले पांढरे दात? खायाले चालते नं!"

खाण्याचीच तर पंचाईत होती. खुर्चीवरच्या कामानंतर दोन दिवस रंगीत काही खायचं नाही, आणि पुढेही जपून. आणि आमचं लग्नघर! वरणात हळद, पातोडीच्या रश्श्यात हळद, पोह्यात हळद, शिवाय दिवसभर चहा. मी दहीभात, ज्वारीची भाकर दुधात कुस्करून आणि केळी यावर राहिले. हळदीच्या दिवशी मावश्यांनी मला धरलं तेव्हा ओठ घट्ट मिटून गाल पुढे केले. फोटोत मी रुसलेली दिसते. झणझणीसाठी पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट होती. फार झालं तर एक रात्र ट्रे वगळायचा, असं मॅडमनीच सांगितलं होतं.

धाकट्या वहिनीलाही हे करायचं होतं. ती पोटुशी आहे, बाळंत होऊन दूध पाजणं संपेपर्यंत नाही, असं मॅडमनी सांगितलं.

चुलतभाऊ दर खेपेला गाडी घेऊन यायचा आणि बाहेर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटत बसायचा. शेवटी त्यानेही विचारलं, "मॅडम, माह्ये बी होतील का असे?" त्यांनी आधी तोंड उघडायला लावलं. उभी तीन बोटं आत जायला हवीत, त्याची दोन जेमतेम गेली. गालाच्या आतल्या बाजूला पांढरट, ताठ पट्टे. सुपारीने होतो तो हा आजार, आणि यातून पुढे कॅन्सरचा धोका असतो. मॅडमनी रंगाचा विषयच बंद केला आणि त्याला शासकीय दंत महाविद्यालयात तपासणीसाठी चिठ्ठी दिली. परतताना जामपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. चिठ्ठी हरवू नये म्हणून मी ती माझ्याच पर्समध्ये ठेवली आणि लग्न आटोपताच त्याला घेऊन गेले. आता तोंड उघडण्याचे व्यायाम आणि औषध सुरू आहे. खर्रा सुटला म्हणतो. वहिनी त्याचे खिसे तपासते.

दोन आठवडे उलटल्यावर माझा तो बोराच्या झाडाचा दात नव्या रंगाच्या मसाल्याने भरला. निघताना मॅडमकडून आधीचे-नंतरचे फोटो, एक्स-रे, जेलचं नाव आणि टक्केवारी, भरलेल्या मसाल्याची शेड असं सगळं इंग्रजीत लिहून घेतलं. तिकडे काही दुखलं तर तिथल्या डॉक्टरला हेच लागणार. उरलेली जेल नेली नाही, ट्रे नेले. रंग उतरला तर तिथल्या दंतवैद्याकडून कमी ताकदीची जेल घेऊन काही रात्री तेच ट्रे वापरता येतील.

वॉर्डातल्या त्या मैत्रिणीने मला पाहिलं आणि म्हणाली, अजून डाग दिसताहेत की. दिसतात, जवळून पाहिलं तर. पण दात माझेच आहेत.