नाना आवाजाला जागे झाले

हिमनदी दाखवणाऱ्या बोटीसाठी अलास्कातल्या व्हिटियर बंदराला जाताना बोटीआधी बोगद्याचं घड्याळ पाहावं लागतं. चार किलोमीटरचा एकपदरी बोगदा, रेल्वे आणि गाड्या दोन्ही त्यातूनच. जाणाऱ्या गाड्या साडेनऊ, साडेदहा अशा सोडतात, परतीच्या पूर्ण तासाला. चुकलात की तासभर रांगेत आणि बोट गेलेली. जळगाव-भुसावळकडची बावीस माणसं घेऊन साडेदहा गाठले, म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

चूक नाश्त्यालाच झाली होती. आमच्या टूर ऑफिसच्या कागदावर छापलेलं: ‘बोटीच्या एक तास आधी मळमळीची गोळी, सर्वांना.’ तो कागद सीवर्ड या दुसऱ्या बंदराच्या सफरीवरून उतरवलेला. तिथे बोट अलास्काच्या आखाताच्या उघड्या लाटांत जाते, पुष्कळांना गोळी लागते. व्हिटियरहून ब्लॅकस्टोन बे या हिमनदीच्या खाडीपर्यंतचं पाणी डोंगरांच्या आडोशातलं, हतनूरच्या धरणासारखं. कागद करणाऱ्याने दोन्ही बंदरं पाहिलेली नाहीत. मी पाहिली होती, तरी गोळ्या वाटल्या. त्यात प्रोमेथाझिन, झापड येणारच.

चोपड्याचे नाना, केळीवाले, माकडटोपी घालून खिडकीशी घोरत होते. दोनदा उठवलं. “हो हो,” म्हणाले आणि परत झोपले.

हिमनदीसमोर इंजिन मंदावलं की बाहेर यायचं, पण धावायचं नाही. कॅप्टन बोट सावकाश फिरवतो, दोन्ही बाजूंना दिसतं. मोबाइल आतल्या खिशात ठेवायचा, गारठ्यात बॅटरी बसते. आणि आवाजाची वाट पाहायची नाही. बोट चारशे मीटर लांब असली तर आवाज सेकंदभर मागून येतो, तोवर कडा निम्मा खाली.

काकू कठड्याशी होत्या. “हाई बरफ निळं कसं शे रे भाऊ?” मी सांगत होतो, वरच्या भाराने बुडबुडे दबून गेलेला जुना बर्फ लाल रंग गिळतो, निळा तेवढा सोडतो. तेवढ्यात समोरून वाड्याच्या भिंतीएवढा तुकडा सुटला, अगदी मुक्यानं. मग धडाम्.

त्या आवाजाने नाना जागे झाले. बाहेर आले तेव्हा पाण्यावर नुसता चुरा आणि आमच्याकडे येणारी लाट. “काय पडनं?”

कॅप्टनने आणखी वीस मिनिटं बोट थांबवली. काही पडलं नाही.

नानांनी तक्रार केली नाही. परतीला बोगद्याच्या रांगेत काकू हातांनी त्यांना तुकडा किती मोठा ते दाखवत होत्या, दर वेळी हात जरा जास्त फाकत होते. ऑफिसला मी त्याच रात्री लिहिलं. पुढच्या ग्रुपच्या कागदावर ती ओळ तशीच आली. मी पेनाने खोडतो.