महालक्ष्म्या झाल्या की निघू

आमच्या घरात मोठं काम निघालं की उत्तर ठरलेलं, "महालक्ष्म्या झाल्या की बघू." मोतीबिंदूचं ऑपरेशन, गच्चीची गळती, यांच्या बहिणीकडे अकोल्याला जाणं, सगळं महालक्ष्म्यांच्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींच्या, पलीकडे. ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जायचं का, हा प्रश्नही पाच वर्षं तसाच पलीकडे पडून राहिला.

विषय पहिल्यांदा निघाला तो २०१९ मध्ये. नागपुरात वर्धा रोडवर, विमानतळाच्या बरंच पुढे, अशी वसाहत होते आहे म्हणून कुणीतरी माहितीपत्रक दिलं. मी तेव्हा चौसष्टची, हे सत्तरचे. यांनी पत्रक रद्दीत घातलं. "आपल्याला काय धाड भरली आहे?" म्हणाले. मलाही तेच वाटत होतं. मी सकाळी फुटाळ्याला फिरायला जात होते, हे अजून स्कूटर चालवत होते.

मग २०२३ ची ती रात्र. आमचं घर अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या सोडून. २२ सप्टेंबरला महालक्ष्म्यांचं जेवण झालं, पन्नासेक पानं उठली, भांडी उद्या बघू म्हणून आम्ही निजलो. रात्री पाऊस असा कोसळला की चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर झाला. पहाटे पाय खाली टाकला तर पाणी. लाइट गेलेली, फ्रिज तिरपा होऊन तरंगतो आहे, आणि समोरच्या खोलीत ज्येष्ठा-कनिष्ठा भरजरी पातळं नेसून पाण्यात उभ्या. यांनी पहिल्यांदा काय उचललं असेल? दोन्ही पितळी मुखवटे आणि महालक्ष्म्यांची लेकरं. माझ्या साडीत गुंडाळून चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस अंधारात जिना चढला. बँकेची फाइल मी नेली. बीपीच्या गोळ्या खालीच राहिल्या, त्या कुणालाच आठवल्या नाहीत. उत्तरपूजा वरच्या भाडेकरूंच्या हॉलमध्ये झाली, दहीभाताचा नैवेद्य त्यांच्याच गॅसवर.

मुलगा दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. गुडघाभर चिखल पाहून म्हणाला, "आता तरी चला माझ्याकडे." मुलीचा न्यू जर्सीहून फोन, तिचंही तेच. आम्ही नाही म्हणालो. त्या आठवड्यात कुणी कुठेही चला म्हटलं असतं तर आम्ही गेलोही असतो, आणि म्हणूनच नाही म्हटलं ते बरं झालं असं मला आजही वाटतं. पुण्याला आम्ही तीन आठवडे राहून पाहिलेलं होतं. अकराव्या मजल्यावरून यांना बोलायला कुणी मिळेना, तर हे लिफ्टमध्ये उगाच वरखाली करायचे.

खरी सुरुवात कूलरपासून झाली. नागपुरात मार्च संपत आला की घरोघरी कूलर खाली उतरतात, ताट्या बदलतात, पंप लागतो का ते बघतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये हे नेहमीसारखे स्टुलावर चढले आणि ताटीसकट खाली आले. मनगट मोडलं. धंतोलीत प्लास्टर घातलं, सहा आठवडे उजवा हात गळ्यात.

मी बँकेत तेहतीस वर्षं काढलेली बाई, नोंद केल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही. एक जुनी डायरी काढली. आम्हा दोघांना जमलं नाही आणि दुसऱ्याला हाक मारावी लागली असं प्रत्येक काम त्यात लिहायचं. काम काय, कोण आलं, किती वेळाने आलं. महिन्याभरात अडतीस नोंदी झाल्या. "सिलिंडर लावणे, वरचा मुलगा, संध्याकाळी." "नळाचा वायसर, प्लंबर, तिसऱ्या दिवशी." "लोणच्याच्या बरणीचं झाकण, दूधवाला, पहाटे सहा." ही शेवटची नोंद यांनी वाचली आणि आधी खूप हसले, मग डायरी मिटून ठेवली. चोवीस तासांची बाई ठेवूनही पाहिलं. दोन महिन्यांत तिघी बदलल्या, त्यातलं जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पण डायरीने एवढंच सांगितलं की मदत लागते. कधी जायचं ते सांगितलं नाही. ते कळलं माझ्या बँकेतल्या मैत्रिणीकडून. ती पुण्याजवळच्या अशाच एका वसाहतीत राहते. दोघांनी मिळून जायचं ठरवलं होतं, पण आज-उद्या करता करता यजमान गेले आणि तीन महिन्यांनी ती एकटीच तिथे गेली. म्हणाली, "अगं, तिथे मला कुणी ओळखतच नव्हतं. हे असताना मी कशी होते, हे सांगायला तिथे माणूसच नाही. सहा महिने मी जेवायलासुद्धा खाली उतरले नाही."

त्या रात्री मी यांना सरळच विचारलं, "आपल्यातलं एक आधी जाणार. जे मागे राहील त्याला नवी जागा आणि एकटेपण दोन्ही एकदम द्यायचं का?" हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उद्या फोन लाव त्यांना."

जागा बघताना आणखी एक कळलं. आम्ही पाहिलेल्या दोन्ही ठिकाणी अट होती, येताना आपलं आपण उठता-बसता, न्हाता-जेवता आलं पाहिजे. म्हणजे हातपाय चालत असताना नको वाटतं, आणि हवंसं वाटू लागतं तेव्हा घेत नाहीत.

वर्धा रोडची जागा पसंत पडली, पण आधी दहा दिवस राहून पाहू म्हटलं. आणि मुद्दाम मे महिन्याचा शेवट निवडला. डिसेंबरात नागपूरची कुठलीही जागा छान वाटते, परीक्षा नवतपात, त्या नऊ तापत्या दिवसांत. त्याच दिवसांत शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. पुढे हवामान खात्याने यंत्राचा दोष म्हणून सांगितलं, पण तोवर नातेवाइकांचे फोन येऊन गेले, "जिवंत आहात ना?" आम्ही जिवंत होतो. लाइट दोनदा गेली, जनरेटर लगेच लागला. पाणी मात्र एक दिवस टँकरचं होतं, ते मी व्यवस्थापकाला विचारून लिहून घेतलं.

महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, त्याच सुमाराला ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले होते, दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवं वगैरे. पेपरातलं कात्रण आणि मोजायची टेप घेऊनच हे आले होते. एका हाताला प्लास्टरनंतरचा पट्टा, दुसऱ्या हाताने बाथरूमचं दार मोजतायत. साफसफाईवाला पोरगा टेपचं दुसरं टोक धरून उभा.

माझी परीक्षा वेगळी होती. चौथ्या रात्री दोन वाजता मी मुद्दाम पलंगाजवळची घंटा दाबली आणि घड्याळ पाहत बसले. चार मिनिटांत भंडाऱ्याकडची एक मुलगी धावत आली, केस सुटलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. "काय झालं काकू?" मला इतकं ओशाळं वाटलं की खोटंच सांगितलं, पोटात दुखतंय. तिने ओवा आणून दिला, तो मी गुपचूप खाल्ला. जेवणाचं म्हणाल तर वरण गोड आणि भाजीत सांबार नावाला. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, बाहेरच्यांचा गोंधळ नको.) यांनी दुसऱ्याच दिवशी ठेच्याची मागणी नोंदवली आणि जेवणघरात चार दोस्त जोडले.

करार बेचाळीस पानांचा. लोक चकचकीत फोटो बघतात, मी तीन कलमांवर अडून बसले. एक, दरमहाचा आकार दरवर्षी किती वाढणार आणि सांगितलेला आकडा जीएसटी धरून की सोडून. दुसरं, दोघांतलं एक गेल्यावर आकार किती कमी होणार. ते कराराच्या मसुद्यात नव्हतंच, मागून लिहून घेतलं. तिसरं, कायमचं अंथरूण धरलं तर "व्यवस्थापन योग्य तो निर्णय घेईल." कसला निर्णय? दोन चकरा आणि एक वकील लागला तेव्हा कुठे शुश्रूषा विभागात हलवतील, बाहेर काढणार नाहीत, असं स्पष्ट शब्दांत आलं.

पैशाचा हिशेब मी एका कागदावर बसवला. यांची वेस्टर्न कोलफिल्ड्सची पेन्शन, म्हणजे निवृत्त झाले त्या दिवशी जी होती तीच आज, कोळशाच्या पेन्शनीला महागाई भत्ता नाही. माझ्या बँकेच्या पेन्शनीला आहे. दोघांचेही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस-तीस लाख. ८.२ टक्क्यांनी प्रत्येकी तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला ४१,०००. वसाहतीचा आकार जेवणासकट ४४,००० होता. आज जमतं, पण तो आकार दरवर्षी वाढणार आणि यांची पेन्शन जागच्या जागी. म्हणून खालच्या मजल्याचं भाडं हिशेबात धरावंच लागलं.

घर विकून मोकळं व्हा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. आमच्या सीएने एक गोष्ट नीट समजावली. घर विकून दोन वर्षांत दुसरं घर विकत घेतलं तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ५४ खाली भांडवली नफ्याच्या करातून सूट मिळायची. पण आम्ही तिथे घर घेत नव्हतो, परतीची ठेव भरून राहायला जात होतो. ठेव म्हणजे घर खरेदी नव्हे. त्यात आमचा प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासाच्या) लीजचा, हस्तांतर म्हटलं की परवानगी आणि चकरा. म्हणून ठेव मुदत ठेवी मोडून भरली आणि घर राहू दिलं. परत फिरावंसं वाटलं तर दार असावं, हाही विचार होता. यांना तो माझ्यापेक्षा जास्त होता.

अकोल्याच्या वन्सं आल्या त्या रडतच. "दोन-दोन लेकरं असून आश्रमात? लोक काय म्हणतील वहिनी?" मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "लोक म्हणतीन ते म्हणतीन. कूलरमध्ये पानी कोन भरून राहिलं, लोक?"

म्हणजे सगळं जमलं होतं. अडलं होतं ते महालक्ष्म्यांपाशी. सासूबाईंनी त्यांच्या हातांनी माझ्या हाती दिलेले मुखवटे. पत्र्याच्या कोठ्या, सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, फुलोरा, तीन दिवस घर भरलेलं. वसाहतीच्या दीड खोलीत हे कुठे उभं करणार? मुलाच्या घरी न्यायचं तर सूनबाई नोकरीवरून रात्री आठला येते, तिच्यावर लादायचं माझ्या जिवावर आलं. दोन महिने मी हा विषय कुणाजवळ काढला नाही. शेवटी नागपुरातल्याच महाल भागातल्या पुतण्याच्या बायकोनेच विचारलं, "काकू, आमच्याकडे देता का? मला शिकवावं लागेल पण." २०२४ च्या सप्टेंबरात शेवटच्या महालक्ष्म्या आमच्या घरी बसल्या. ती तीन दिवस वही घेऊन माझ्या मागे. आंबिलीला ज्वारी किती, फुलोऱ्यात काय काय, पदराच्या निऱ्या कशा. मला अंदाजाने येतं, मापात सांगता येईना. मग तिने माझ्या ओंजळीतलं पीठ वाटीत ओतून मोजलं आणि लिहिलं, "काकूंची एक ओंजळ म्हणजे पाऊण वाटी."

विसर्जनानंतर मुखवटे पुसून तिच्या हाती दिले तेव्हा मी रडले नाही. हे रडले.

निघायला दसरा धरला होता. पण दसऱ्याला दीक्षाभूमीची गर्दी, वर्धा रोडवर टेम्पो निघणार कसा? दोन दिवसांनी निघालो. सामान एक टेम्पोभर. कूलर नेला नाही.

पहिले काही महिने सोपे होते असं सांगणार नाही. गोकुळपेठेतली भाजी हाताने निवडायची सवय सुटेना. मी खापरीवरून मेट्रोने सीताबर्डी गाठायची, पुढे ऑटो, आणि पाव किलो वांगी घेऊन परत यायची, जी मला कुठेच शिजवायची नव्हती. डॉक्टर धंतोलीतलेच ठेवले आहेत, ते अंतर आता जाणवतं. हे मात्र रमले. बुद्धिबळाचा एक जोडीदार आहे, दोघे रोज भांडतात.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला महालला गेलो, पाहुणे म्हणून. मला खुर्ची दिली, पहिलं पान मांडलं. हातांचं काय करावं तेच कळेना, तर बसल्या बसल्या शेजारच्या पानावरचं मीठ सारखं केलं. आंबील जरा पातळ झाली होती. मी सांगितलं नाही, तिने स्वतःच विचारलं तेव्हा सांगितलं.

रात्री परतायला साडेदहा झाले. भंडाऱ्याची ती मुलगी ड्युटीवर होती. तिच्यासाठी दोन पुरणपोळ्या डब्यात आणल्या होत्या, त्या दिल्या. डबा उघडून वास घेत ती म्हणाली, "काकू, आज रात्री घंटा वाजवून बघायची नाही ना?"