अस्वलाच्या गळ्यात मफलर

मॅचमध्ये जाहिरात लागली की आमच्याकडं सगळे चहाला उठतात. मी मात्र बसून राहतो, त्यातून एखादं कार्टूनमधलं जनावर दिसलं तर हलतच नाही.

अमेरिकेत सुपर बोल म्हणून त्यांच्या फुटबॉलची फायनल असते. (आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर बघतो तो फुटबॉल नव्हे, हा बॉल हातात घेऊन पळायचा.) तिथं ३० सेकंदांच्या जाहिरातीचा दर २०२५ साली ८० लाख डॉलरपर्यंत गेला होता. एवढा पैसा ओतून दाखवायचं काय, तर बेडूक नाही तर अस्वल! कोका-कोलाची पांढरी अस्वलं १९९३ साली कॉम्प्युटरवर जन्मली. ती काढणाऱ्या केन स्टुअर्टला कल्पना सुचली होती घरातल्या लॅब्राडोरच्या पिल्लावरून. हे कळल्यापासून मला त्या अस्वलांच्या डोळ्यांत कुत्रंच दिसतं. खरं ध्रुवीय अस्वल सीलची शिकार करतं, पण त्या बिचाऱ्याला बाटली कोण देणार?

२०१२च्या फायनलला तर कोका-कोलानं कहर केला. एका अस्वलाच्या गळ्यात जायंट्स संघाचा मफलर, दुसऱ्याच्या समोरच्या पेट्रियट्सचा. मॅच चालू असताना ती इंटरनेटवर लाइव्ह दिसत होती आणि मैदानात जे घडेल तशी तोंडं करत होती. जायंट्स २१-१७ जिंकले, तरी दोघं एकाच ठिकाणी बसलेली! आपल्या पेठांच्या मॅचला असं बसवून दाखवा म्हणावं.

मला प्रश्न पडतो तो म्हशीचा. तिला कुणी का घेत नाही? दिवाळीच्या पाडव्याला बघा तिचा थाट. शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, अंगावरचे केस कातरून कोरलेलं नाव. पुढं मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर, मागं ही सुसाट. नाद खुळा! एवढं अंग घेऊन वळणावर ती कशी सावरते ते जवळून बघितलं तरच पटतं.

अडतं ते चेहऱ्यावर. जाहिरातीतल्या जनावराला भुवया लागतात, ते हसावं लागतं, लाजावं लागतं. म्हशीच्या तोंडावर काही म्हणजे काही उमटत नाही. गंगावेशीत कट्ट्यावर लोक ग्लास धरून धारोष्ण दुधासाठी उभे असतात, फेस ओठाला लागेपर्यंत कुणी बोलत नाही, आणि ही रवंथ करत भलतीकडंच बघत असते. आपण काही विकतोय याचा तिला पत्ताच नाही.

एकदा तिथल्या गवळीमामांना म्हटलं, "मामा, हिची एक झकास जाहिरात करूया की टीव्हीवर."

त्यांनी ग्लास भरता भरता माझ्याकडं बघितलं. "जाहिरात कशाला भावा? हाय ते दूधच पुरंना."