तुटक रेषेतली टाकी

पाडकामाआधी जुन्या इमारतींची मोजमापं आणि फोटो घेऊन ठेवणं हे माझं काम. बंद वास्तूत चोरून शिरण्यात वेगळीच झिंग असते म्हणतात. असेल. आम्ही लेखी परवानगी घेऊन, दिवसाउजेडी आणि कायम दोघं मिळून जातो. तरीही त्या दिवशी माझा कारभार आटोपलाच होता.

जागा होती पाण्याचं बंद पडलेलं पंपिंग स्टेशन. वरचा हॉल सकाळीच उरकला. कबुतरांच्या विष्ठेचे ढीग होते, म्हणून मास्क आलाच. वाळलेली विष्ठा उधळली की तिच्यातली बुरशी फुप्फुसात जाऊ शकते. छपराच्या जुन्या सिमेंट पत्र्यांना हात लावायचा नाही, ॲस्बेस्टॉस असू शकतं. लाकडी माळ्यावर खिळ्यांच्या रांगा बघत चालायचं, कारण खिळे जिथे, तिथे खाली वासा. हे आता अंगवळणी पडलंय. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार जोडप्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या ढगाळ उजेडात, अगदी समोरून टिपल्या. त्या दिवशी आभाळ नेमकं तसंच होतं, म्हणून मी खुशीत.

टेबलावर पाण्याच्या दाबाची नोंदवही सापडली. शेवटच्या पानावर दुपारी दोनपर्यंतचे आकडे होते. पुढच्या ओळीत नुसतं 'तीन' लिहिलेलं, आकडा नाही. फोटो काढला आणि वही होती तशी ठेवली.

मग जमिनीखालची लोखंडी टाकी. झाकण उचकटलं. तळाशी जेमतेम ओल; गाळ नाही, वास नाही. सडक्या अंड्यांचा वास, म्हणजे विषारी वायूची खूण, आला असता तर मी आपणहून मागे सरलो असतो. उजेड उतरत होता. मी शिडीवर पाय ठेवला. हवेतला ऑक्सिजन मोजणारा गॅस मीटर वर हॉलमध्ये, बॅगेत.

"मीटर?" सहकाऱ्याने विचारलं.

"दोन मिनिटांचं काम आहे रे."

तो काही बोलला नाही, फक्त माझी कॉलर धरली. वैतागून वर आलो, मीटर आणला, दोरीला बांधून सोडला. दोन मीटर खाली जातोय तोच तो कोकलायला लागला. वर ओढून बघितलं, नीचांक ९.२ टक्के. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ असतो, १९.५ ला मीटर ओरडतो आणि दहाच्या खाली माणसाची शुद्ध हरपते.

ऑक्सिजन गंजाने खाल्ला होता. लोखंड गंजताना तो ओढून घेतं, आणि झाकणाखाली वर्षानुवर्षं तेच चाललं होतं. भिंतींचा जो तांबडा पोत टिपायला मी उतरत होतो, तोच.

"तू पडला असतास, तर मी काय वरून बघत बसलो असतो?" सहकारी भडकला. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९८६ मध्येच म्हटलंय, की बंदिस्त जागांतल्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक बळी वाचवायला उतरलेल्यांचे असतात. नव्या मुलांना हे मीच सांगतो, म्हणून जास्त लाज वाटली.

टाकीची खोली वरूनच लेझरने मोजली, ४.३७ मीटर. लांबी-रुंदी राहिली. काठीला लावून सोडलेल्या कॅमेऱ्याचे फोटो हलले. नकाशात ती टाकी मी तुटक रेषेत काढली. हे अपूर्ण का, अशी विचारणा आली, तेव्हा समासात ९.२ लिहून नकाशा परत पाठवला.