बंद दारांच्या बसमधलं सत्र

अगोराफोबियाच्या, म्हणजे जिथून निसटता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही असं वाटतं तिथे जाण्याच्या भीतीच्या, रुग्णाला ‘कशाची भीती वाटते?’ असं विचारलं की बहुतेक वेळा जागांची नावं मिळतात : बस, लिफ्ट, रांग, गर्दी, मोकळं मैदान. उपचाराला उपयोगी पडतं ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : ‘तिथे गेल्यावर नेमकं काय होईल असं वाटतं?’ ज्या बाईंबद्दल लिहिते आहे, त्यांनी ते पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ‘मला चक्कर येईल, मी पडेन, आणि मिस्टर सोबत नसतील तर माझं काही खरं नाही.’ (ओळख पटेल असा तपशील इथे ठेवलेला नाही.)

सुरुवात गर्दीच्या रेल्वे डब्यात झाली होती. छातीत धडधड, दरदरून घाम, हातांना मुंग्या, आता आपण मरणार अशी खात्री. रुग्णालयात ईसीजी निघाला, पुढे थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर हे सगळं तपासून झालं. या तपासण्या टाळू नयेत. थायरॉइडचा अतिरेक, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, कानाच्या आतल्या भागामुळे येणारी भोवळ यांच्या लक्षणांची पॅनिक अटॅकशी, म्हणजे अशा एकाएकी उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याशी, सहज गल्लत होते. पण एकदा नीट तपासून झाल्यावर दर महिन्याला पुन्हा ईसीजी काढत राहणं हाही आजाराचाच भाग होऊन बसतो. बाईंनी आधी रेल्वे सोडली, मग बस, मग लिफ्ट, मग रांगेत उभं राहणं, आणि शेवटी एकटीनं घराबाहेर पडणं.

निदानासाठी 2013 पासून वापरात असलेल्या डीएसएम-5 या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या पुस्तिकेत परिस्थितींचे पाच गट आहेत : सार्वजनिक वाहनं, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यांपैकी किमान दोन गटांची भीती, साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, आणि ती ‘इथून निसटता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही’ या विचारातून आलेली असायला हवी. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा. बस टाळणारी माणसं वेगवेगळ्या कारणांनी टाळतात. लोक आपल्याकडे बघतील म्हणून, अपघाताची आठवण येते म्हणून, दांड्याला हात लावला तर जंतू लागतील म्हणून. त्या प्रत्येकाचा उपचार वेगळा.

बाई अगदीच घरात कोंडलेल्या नव्हत्या. मिस्टर सोबत असले की त्या निघत. मग दाराजवळची सीट, हातात पाण्याची बाटली, पर्समध्ये ‘लागली तर’ म्हणून दिलेली चिंता शमवणारी गोळी, नजर खाली, समोरचा दांडा घट्ट धरलेला. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी 1871 मध्ये या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्यातही हेच दिसतं. कुणी सोबत असलं, शेजारून एखादी गाडी चालली असली किंवा हातात काठी असली, तरी त्यांच्या रुग्णांना चौक ओलांडणं सोपं जायचं. हे सुरक्षेचे आधार निरुपद्रवी वाटतात, पण भीती जिवंत ठेवतात तेच. प्रवास सुखरूप झाला तरी श्रेय बाटलीला, गोळीला, मिस्टरांना जातं. ‘मी पडले असते’ हा अंदाज एकदाही तपासला जात नाही.

चक्कर येऊन पडण्याबद्दल सांगायचं तर, माणूस बेशुद्ध पडतो तो बहुतेक वेळा रक्तदाब एकाएकी उतरल्यामुळे. पॅनिकमध्ये उलट नाडी वाढते आणि रक्तदाबही चढतो. (रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्यांचं वेगळं : त्यांचा रक्तदाब खरोखर उतरतो, त्यांना अंगाचे स्नायू आवळायला शिकवावं लागतं.) मग डोकं हलकं का होतं? घाबरून भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, त्यातून गरगरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. श्वास पुरत नाही असं वाटत असताना रक्तात ऑक्सिजन मात्र पुरेसा असतो.

हे नुसतं समजावून भीती जात नाही, म्हणून आधी खोलीतच करून पाहिलं. एक मिनिट जोरात, भरभर श्वास. नाक बंद करून बारीक स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास. फिरत्या खुर्चीत एक मिनिट गोल. प्रत्येक वेळी व्यायाम संपताच उठून उभं राहायचं, भिंतीला हात न लावता. भरभर श्वासाच्या वेळी त्या म्हणाल्या, ‘हेच. बसमध्ये अगदी हेच होतं.’ त्या क्षणापासून लक्षणं त्यांच्या हातातली झाली, आपण सुरू करू शकतो अशी. दमा, अपस्मार, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

मनोविकारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन हे चिंता आणि नैराश्यावरचं रोज घ्यायचं औषध सुरू केलं होतं, पहिला आठवडा 25 मिलिग्रॅम, मग 50. अशा रुग्णांत कमी मात्रेनं सुरुवात करतात, कारण पहिले एक-दोन आठवडे बेचैनी वाढू शकते आणि हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण औषध तिथेच सोडतो. परिणाम जाणवायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. पर्समधली गोळी त्या क्वचितच घेत, त्यामुळे ती घरी ठेवायची असं डॉक्टरांशी बोलून ठरलं. रोज आणि दीर्घकाळ घेणाऱ्यानं तशी गोळी एकदम बंद करणं धोक्याचं असतं, मात्रा सावकाशच उतरवावी लागते.

बसच्या दिवसापर्यंत कोपऱ्यापर्यंत एकटीनं चालणं, रांग आणि लिफ्ट झालं होतं. भीती 0 ते 100 या मापावर लिहायची, हेही अंगवळणी पडलं होतं. त्या दिवशीची पहिली फेरी फार छान झाली. मी मागे, त्या मधल्या सीटवर. उतरल्यावर म्हणाल्या, ‘आज वीसच्या वर गेलंच नाही.’ चेहरा खुललेला. पण इतकी गुळगुळीत फेरी मला खटकते. मी विचारलं, ‘जाताना सोबतीला काय काय होतं?’ जरा थांबून त्यांनी केसांआडचा इअरफोन काढून दाखवला. मिस्टरांचा फोन पूर्ण वेळ चालू होता. बोलणं काहीच नाही, नुसती लाईन सुरू.

मी रागावले नाही, रागावण्यासारखं काही नव्हतंच. आधार लपवले जातात कारण रुग्णाला ते जगण्यासाठी लागतात असं मनापासून वाटत असतं. फोन बंद करून बॅगेच्या तळाशी गेला. फेरीआधी काय होईल असं वाटतं ते लिहायच्या कार्डावर त्यांनी लिहिलं : ‘फोन नसेल आणि बस थांबली, तर पाच मिनिटांत चक्कर येऊन पडेन. खात्री 85 टक्के.’ असं तासून लिहिलेलं भाकीत लागतं. ‘काहीतरी वाईट होईल’ हे खोटं ठरवताच येत नाही.

दुसऱ्या फेरीत बस खरंच थांबली. पुढे वाहतूक तुंबलेली, दारं बंद, आजूबाजूला उभे प्रवासी. काही क्षणांतच त्यांची मान वळली. ‘डॉक्टर, नव्वद. मला उतरायचंय.’ ओठ कोरडे, बोटं दांड्यावर आवळलेली.

अशा वेळी काय करायचं नाही हे आधी ठरलेलं हवं. मी हात धरला नाही. ‘काही होणार नाही’ म्हटलं नाही. पाणी दिलं नाही. सावकाश श्वास घ्या, असंही सांगितलं नाही. श्वासाचं तंत्र इतर वेळी चांगलं, पण इथे तेही पडण्यापासून वाचवणारं नवं साधन होऊन बसतं. मी एवढंच म्हटलं, ‘कार्डावर काय लिहिलंय? ते तपासायचं तर काय करावं लागेल?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दांडा सोडला आणि उठून उभ्या राहिल्या. पाय लटपटत होते. गुडघे ताठ न करता, कशाला न टेकता उभं राहायचं, हे खोलीत केलेलंच होतं. ‘पंच्याण्णव,’ त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. पॅनिकची लाट काही मिनिटांत टोकाला जाते आणि ओसरू लागते, पण ती ओसरावी म्हणून आपण तिथे थांबलेलो नसतो. भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबा, असा जुना दंडक होता. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामानंतर भर बदलला : जे होणार वाटत होतं आणि जे झालं, त्यातला फरक जितका ठसठशीत, तितकं शिकणं पक्कं. बस हलली तेव्हा आकडा साठच्या आसपास होता. पुढच्या थांब्यावर दारं उघडली, त्या दाराकडे बघत राहिल्या आणि उतरल्या नाहीत. ठरलेल्या थांब्यालाच उतरल्या.

माझ्या मते उपचारातलं सगळ्यात मोलाचं सत्र हेच. वीसवर राहिलेल्या फेरीनं जे शिकवलं नसतं, ते पंच्याण्णवनं शिकवलं. उतरल्याबरोबर, आठवण ताजी असताना त्यांनी लिहिलं : ‘पडले नाही. पाय थरथरत होते तरी उभी होते. फोन नव्हता.’ मग माझ्याकडे बघून, ‘पण आज तुम्ही होतात.’

अगदी बरोबर. उपचार करणारी व्यक्तीही आधारच असते. म्हणून लगेच पुढची फेरी एकटीनं, मी थांब्यावर. त्यानंतरच्या फेऱ्या मला वेळ न सांगता, वेगळ्या सीटवर, वेगळ्या मार्गानं, कधी गर्दीत, कधी रिकाम्या बसमध्ये. एकाच मार्गावर कितीही सराव केला तरी मन ‘ही बस सुरक्षित’ एवढंच शिकतं. सराव जवळजवळ रोज हवा. आठवड्यातून एकदा गेलं की मधल्या दिवसांत धास्ती पुन्हा साचते. आणि भीती टोकाला असताना माघारी फिरलं तर त्याच दिवशी परत जायचं, मग एकच थांबा का होईना.

मिस्टरांना वेगळं बोलावलं. ते कळवळून म्हणाले, ‘आणि तिला खरंच काही झालं तर?’ हा प्रश्न उडवून लावायचा नसतो, त्यांनी तिला त्या अवस्थेत पाहिलेलं असतं. तपासण्यांचे अहवाल पुन्हा समोर ठेवले आणि ठरवलं : ‘पोचलीस का?’ असे फोन बंद. तिनं विचारलं, ‘मला काही होणार नाही ना?’ तर उत्तर, ‘तुला काय वाटतं? कार्डावर काय लिहिलंस?’ सोबत जायचं ते फिरायला, राखणीला नव्हे. पहिला आठवडा त्यांनाच जड गेला.

औषध बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने, बहुधा वर्षभर चालतं. नंतर मात्रा हळूहळू उतरवताना फेऱ्या वाढवायच्या, म्हणजे श्रेय गोळीला जात नाही. आजारपण, अपुरी झोप, मोठा ताण अशा काळात भीती डोकं वर काढते. तेव्हा आठवडाभरात काय टाळायला लागलो त्याची यादी करून तिथेच आधी जायचं. बाईंच्या यादीत रेल्वे अजून आहे. सुरुवात गर्दी नसलेल्या वेळी एका स्थानकापासून, दारापासून लांब उभं राहून, कार्डावर भाकीत लिहून.