हक्कसोड पत्राची घाई

सोलापूर जिल्ह्यात घरातला कर्ता पुरुष गेला की दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच बहिणींच्या सह्यांचा विषय निघतो. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जायचेच आहे, तर बहिणींचा वाटा भावांच्या नावे सोडण्याचे हक्कसोड पत्रही उरकून घेऊ, असे कोणीतरी वडीलधारे सुचवते आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण मान डोलावते. वास्तविक या घाईला कायद्यात काहीही आधार नाही. जर्मनीत वारसा नाकारायचा असेल तर तो कळल्यापासून साधारणपणे 6 आठवड्यांत तसे कळवावे लागते, आणि अमेरिकेत केंद्रीय करकायद्याचा लाभ घ्यायचा तर सर्वसाधारणपणे 9 महिन्यांत लेखी नकार द्यावा लागतो. आपल्याकडे हक्कसोडीला अशी मुदतच नाही.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. तिकडे नकार देणारा वारस बहुधा आधीच मृत झाला असे मानले जाते आणि त्याचा वाटा कोणाला द्यायचा हे कायदा ठरवतो. तो वाटा आपल्या पसंतीच्या माणसाला देण्याची सोय त्याला नसते. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच मुलीचा हिस्सा तिचा होतो, म्हणून हक्कसोड हा नकार नसून हाती आलेला हिस्सा सहहिस्सेदाराच्या नावे सोडून देण्याचा दस्त आहे. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा भावी हक्क सोडल्याचे मुलीकडून लिहून घेतात, तो कागद मात्र मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 6(अ) पुढे सहसा टिकत नाही, कारण वारस होण्याची नुसती शक्यता हस्तांतरित करता येत नाही.

माझ्या मामेबहिणीने मध्यंतरी असा एक मसुदा मला वाचायला दिला. मोहोळ तालुक्यातली शेती भावाला सोडायला ती मनापासून तयार होती. पण गट नंबर लिहून झाल्यावर खाली ‘व इतर सर्व स्थावर-जंगम मिळकती’ अशी अर्धी ओळ होती, आणि त्या ओळीत सोलापुरातले राहते घरही गेले असते. तिने ती ओळ काढायला लावली. भाऊ थोडा नाराज झाला, वकील झाले नाहीत, यावरून ती ओळ सवयीनेच टाकली जात असावी असे मला वाटते.

स्थावर मिळकतीतील 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या हक्काचे हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागत नाही. वडिलोपार्जित मिळकतीच्या, जवळच्या नात्यातल्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क नाममात्र असल्यामुळे पैसे वाचवण्याची सबबही लंगडी ठरते. फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव बदलल्याने, मालकी मिळते हा समजही चुकीचा आहे. ती महसुलाची नोंद आहे. नोंदवलेला दस्त मात्र एकतर्फी रद्द करता येत नाही. फसवणूक झाली असेल तर ती उघड झाल्यापासून 3 वर्षांत दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, आणि तिथे ‘स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय’ या शब्दांखालची आपलीच सही आपल्यापुढे ठेवली जाते.

कर्जाच्या भीतीने सही करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, वडिलांच्या कर्जाची जबाबदारी वारसावर त्याला मिळालेल्या मिळकतीपुरतीच येते. स्वतःच्या पगाराला किंवा दागिन्यांना त्याची झळ लागत नाही, अर्थात कर्जाला आपण जामीन राहिलो नसलो तर.